गोदाचं रक्त आणि माझा नवस

“रक्त फार कमी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि का कमी आहे, ते मला कळत नाही.”

माझी मुलगी गोदा तेव्हा सातव्या महिन्यात होती. त्याआधी दोनदा तिचा गर्भ मध्येच पडला होता. तिची आई ती लहान असतानाच वारली, म्हणून या वेळी दिवस राहिल्याचं कळताच मी तिला सासरहून टेंभुर्णीला आणलं होतं. चार पावलं चालली की तिला धाप लागे. जीभ सोलल्यासारखी लाल झालेली. शेवटी मी आणि माझी थोरली विधवा बहीण, आक्का, तिला बैलगाडीत घालून जालन्याच्या दवाखान्यात घेऊन आलो.

असा प्रसंग ज्यांच्यावर येईल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यात माझी लाज आहे. ती गाळली, तर लिहिण्याला अर्थ राहणार नाही.

बाईंनी गोदाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताला लाली देणारा भाग, निरोगी माणसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका भरला. याला ॲनिमिया म्हणतात, म्हणजे रक्त कमी असणं. आमच्याकडे बहुतेक वेळा तो हिवतापाने, जंतांनी किंवा अंगात लोह कमी पडल्याने होतो, असं त्यांनी सांगितलं. हिवतापाचे जंतू सापडले नाहीत. जंतही निघाले नाहीत. मग गोदाला तिथेच ठेवून घेऊन लोहाचं औषध सुरू झालं. आठवड्याने पुन्हा सुई टोचली, तर आकडा आणखी खाली गेलेला.

त्या दिवशी बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसल्या. मी दारात उभा होतो.

“लोह कमी असलं, की तांबड्या पेशी लहान होतात,” त्या म्हणाल्या. “हिच्या मोठ्या आहेत आणि थोड्या आहेत. याला मॅक्रोसायटिक म्हणतात, म्हणजे मोठ्या पेशींचा ॲनिमिया. पण हे नुसतं नाव झालं. कारण नव्हे.”

“मंग बाळंतपणाचं कसं?”

“बाळंतपणात थोडं रक्त सगळ्यांचंच जातं. हिच्याजवळ घालवायला काही नाही.” मग त्यांनी विचारलं, “ही घरी खाते काय?”

“खायला काय कमी न्हाई, बाई. शेत हाय, दोन म्हशी दुभत्या हायत.”

मी खोटं बोलतो आहे, असं तेव्हा मला वाटलं नाही. म्हशी होत्या, दूधही होतं. ते गोदाच्या तोंडात जात नव्हतं, एवढंच मी सांगितलं नाही.

आमच्याकडे चातुर्मासात एकेक महिना एकेक गोष्ट सोडतात. श्रावणात पालेभाजी, भादव्यात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. गोदाला दिवस राहिले, तेव्हा मी गावच्या देवीसमोर चारही गोष्टी एकदम सोडल्या. मूल हाती येईपर्यंत बाप-लेक दोघंही त्या खाणार नाही, असं बोललो. घरी येऊन गोदाला सांगितलं. ती बरं म्हणाली. नवस फिटेपर्यंत बाहेर सांगायचा नाही, अशी आमच्यात रीत. शिवाय नवस वेगळा आणि खाणं वेगळं, अशी माझ्या डोक्यात दोन खाती होती. बाईंनी खाण्याचं विचारलं, मी खाण्याचं सांगितलं.

आणखी एक आठवडा गेला. गोदाच्या पायांवर सूज चढली. रोज सकाळी बाई तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचो.

दवाखान्यात गरोदर बायकांना पेलाभर दूध मिळे. एका सकाळी बाई अवेळी आल्या, तेव्हा गोदा आपला पेला शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या हातात देत होती.

“दूध का देऊन टाकलंस?”

गोदाने माझ्याकडे पाहिलं. मग मला बोलावंच लागलं.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “एवढे दिवस मी आंधळ्यासारखी शोधत होते,” एवढंच म्हणाल्या. दूध, डाळी, हिरवी भाजी लगेच सुरू करायला त्यांनी सांगितलं. लिव्हरच्या, म्हणजे जनावराच्या यकृताच्या, अर्काची इंजेक्शनं तेव्हा महायुद्धाच्या लढाईमुळे येत नव्हती. त्याऐवजी त्यांनी यीस्टचा, म्हणजे पाव फुगवायच्या आंबवणाचा, काळा, खारट अर्क दिला.

अर्क गोदाने घेतला. दुधाला हात लावेना.

“देवीचं हाय ते, आबा. दोन गेली माझी. नवस मोडला अन् पोटातल्याला काई झालं, तर काय करू?”

आक्का माझ्यावर उसळली. “नवस बोलायचा बाप्यानं अन् वाळायचं पोरीनं! लई सोपं काम धरलं रे तू.”

दुसऱ्या दिवशी आक्काने मेथीची भाजी करून आणली. गोदाच्या खाटेशेजारी बसून मी भाकरीबरोबर ती खाल्ली आणि दुधाचा पेला तोंडाला लावला. घोट तोंडातच फिरत राहिला.

“देवीला शब्द मी दिल्ता. मोडला बी मीच. काय व्हायचं ते माझं होईल.”

“देवी काय तुम्हाला इचारून वाटणी करती?” गोदा म्हणाली आणि रडू लागली. बराच वेळ रडली. मग हात पुढे केला. “द्या इकडं. तुमच्यानं तर घोट बी गिळवंना.”

पुढच्या तपासणीत आकडा होता तिथेच होता. ती रात्र मी कशी काढली, ते सांगत नाही. नवसही गेला आणि पोरही जाणार, असंच वाटत होतं. पण बाईंना सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर काही वेगळं दिसलं होतं. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या पेशी, वाढल्या होत्या. “शरीर कामाला लागलंय,” त्या म्हणाल्या. त्यानंतर आकडा हळूहळू चढला. पुरेसा नाही, पण निम्म्याच्या वर गेला.

कळा थोड्या लवकरच सुरू झाल्या. मी बाहेर ओसरीवर होतो. आतून गोदाचं ओरडणं थांबलं आणि दुसरा कसलाच आवाज येईना. माझे हात आपोआप जुळले. ही जगू दे, म्हणजे मी अमुक सोडतो, असं तोंडावर आलं होतं. तिथेच थांबलो. द्यायला काही उरलं नव्हतं असं नाही. पण परस्पर देण्याची हिंमत झाली नाही. तसाच उभा राहिलो.

आक्का बाहेर आली. “पोरगी झाली. लहान हाय, पण रडली बराबर. गोदा बोलून राह्यली. तू आता बस खाली, पडशील.”

नंतर मी बाईंना विचारलं, हे सगळं माझ्यामुळेच झालं का? त्या म्हणाल्या, “खाण्यामुळे झालं असावं. पण तुम्हीही तेच खात होता आणि धडधाकट राहिलात. भाजीनं गुण आला की अर्कानं, तेही मला सांगता येत नाही.” त्यांनी सरळ दोष दिला असता, किंवा दोषातून मोकळं केलं असतं, तर मनाला एक बाजू मिळाली असती. ती मिळाली नाही.

जे माहीत नव्हतं, ते माहीत आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि तरी त्यांनी शोध सोडला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली, तर डॉक्टरांपुढे तिच्या वतीने बोलू नका. तिलाच बोलू द्या. आणि जे सांगायचं नाही असं ठरवलं असेल, ते आधी सांगा.

गोदाने मला कधी बोल लावला नाही. बारशाच्या दिवशी मुलीला माझ्या मांडीवर देताना एकदाच म्हणाली, “आबा, माझ्या तोंडचं काई सोडायचं असलं, तर आधी मला इचारत जा.”

मी म्हणालो, “इचारीन.”

“अन् मी न्हाई म्हणलं तर?”

“तर न्हाई,” मी म्हणालो.