दोन तोंडांचा कार्बोरेटर आणि वहिनीचं पोळपाट

एका तोंडानं पेट्रोल पिणारी गाडी जर एवढी पळते, तर दोन तोंडांनी पिणारी किती पळेल?

हा प्रश्न मी दादाला दहा वर्षांचा असल्यापासून विचारत आलो. दादा बोनेटमध्ये वाकलेला असायचा. मान वर करायचा, माझ्याकडं बघायचा आणि नुसता हसायचा. "जा, वहिनीला चहा टाकायला सांग." झालं! उत्तर नाहीच. आता मी चोवीस वर्षांचा आहे आणि उत्तर द्यायला दादाच नाही. चार महिन्यांपूर्वी दाढी करता करता गेला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

पण थांबा, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मी जो गाढवपणा केला तो सांगायला बसलोय. चहा घ्या हातात, पण घोट जपून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

तर आमची गाडी. गोल दिव्यांची, हिरवी, वयानं माझ्या दुप्पट. अख्खं कोल्हार तिला 'काकू' म्हणतं. कारण ती चालते हळू, बोलते फार, आणि कुठंही निघाली की आधी पाच मिनिटं दारातच उभी राहते. आमच्या ख्रिस्ती गल्लीतली एकही नवरी अशी नाही जी घरापासून चर्चपर्यंत काकूतून गेली नाही. दादा चालवायचा. पैसे घ्यायचा नाही. फक्त नवरीच्या आईच्या हातची करंजी घ्यायचा.

शेजारच्या सुमनमावशीच्या रूथला त्यानं ती शाळेत असतानाच शब्द दिला होता, "तुला मी काकूतून नेणार." आणि रूथचं लग्न जानेवारीत ठरलं. दादा नाही, काकू चालू होत नाही. कार्बोरेटर पार गेलेला. कार्बोरेटर म्हणजे काय, तर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. आमच्या भांड्याला खालून गळती लागलेली.

सुमनमावशी आईला म्हणाली, "जाऊ दे, आमी रिक्षा सांगतो."

रिक्षा? दादाच्या शब्दाला रिक्षा? माझं डोकंच फिरलं. माझं डोकं फिरायला तसं फार लागत नाही. सातवीत गुरुजी एक शब्द बोलले आणि मी शाळाच सोडली होती.

दादाची हत्यारांची ट्रंक उघडली. तळाशी त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला एक कार्बोरेटर. घासूनपुसून असा लख्ख केलेला की तोंड दिसावं. पण केवढा? मोठ्या पेरूएवढा! आणि तोंड एकच. मी म्हटलं, हा काय काकूला पुरणार? मोपेडचा असेल. तो पिशवीत टाकला, एस. टी. पकडली आणि नगर गाठलं. हा देऊन मोठा आणायचा. दोन तोंडांचा!

नगरला जुन्या पार्टच्या बाजारात एक चाचा बसतात. दाढी मेंदीनं रंगवलेली, चष्मा दोऱ्यानं बांधलेला.

"गाडी कुणाची?" चाचांनी विचारलं.

"दादाची."

"मग दादाला घेऊन ये. नाय तर फोन लाव त्याला. इंजिन केवढं हाय, ते त्यालाच इचारतो."

आता सांगा, मी काय बोलायचं होतं? गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं ते वाक्य मला स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगावं लागलं नव्हतं.  भलतंच निघून गेलं, "दादा बाहेरगावी गेलाय. तिथं रेंज न्हाई."

"कुठं गेलाय?"

"लई लांब."

"बरं, तू सांग. इंजिन केवढं?"

एकदा खोटं सुरू झालं की थांबतंय कशाला! "मोठं हाय, चाचा. जीपला बी भारी पडंल."

"रोडला चालती का घाटात?"

"घाटात. भरून."

"भरून म्हंजे?"

"माणसं. धा-बारा."

"आन् पळती किती?"

"शंभरच्या खाली दादा चालवतच न्हाई."

शंभर! अहो, काकूनं चाळीस गाठले की आम्ही खिडक्यांच्या काचा हातानं धरून बसायचो!

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बेटा, कारब्रेटर घेताना आन् डॉक्टरला दुखणं सांगताना खोटं बोलायचं नसतं. दोन्हीकडं औषध चुकतं."

"खोटं कशाला बोलू?" मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी फळीवरून एक धूड उतरवलं. दोन तोंडांचं! दादाचा पेरू त्यांच्याकडं ठेवला, वर थोडे पैसे दिले आणि ते धूड मांडीवर घेऊन एस. टी.त बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "विहिरीवरची मोटार जळाली व्हय रं बाबा?"

घरी आलो तर ते धूड इंजिनावर बसेचना. खाली एक भोक, वर दोन. मधे काहीतरी जाड, टणक बसवायला पाहिजे, वरून दोन वाटा आणि खाली संगम. लोखंड नको, वेळ लागतो. लाकूड चाललं असतं. चांगलं सागवानी, अंगठ्याएवढं जाड, गोल...

तुमच्या लक्षात आलंच असेल.

वहिनी अंगणवाडीत गेली होती. आई झोपली होती. पोळपाट भिंतीला टेकून उभं होतं. वहिनीनं माहेराहून आणलेलं, तीन पायांचं. मी म्हटलं, आपल्या घरात रोज भाकरी होते, आणि भाकरी परातीत थापतात. पोळपाट कोण बघतंय? तोवर नवं आणून ठेवू. बबन सुताराकडं नेलं. त्यानं पाय कापले, भोकं पाडली, कडा तासल्या. एक शब्द विचारला नाही. सुतार असावा तर असा.

बसवलं. चावी फिरवून सेल मारला. आणि काकूनं असा आवाज काढला, असा आवाज काढला, की बाभळीवरचे बगळे थेट प्रवरेपलीकडं गेले! मी रेस देतोय, काकू डरकाळ्या फोडतेय. गल्ली गोळा झाली. माझे तर डोळेच भरून आले. म्हटलं, दादा, बघ! दोन तोंडांचं बघ!

गाडी अंगणाबाहेर काढून एक चक्कर तरी मारावी की नाही? नाही मारली. एवढा आवाज करणारी गाडी पळणारच, यात बघायचं काय? फक्त एकच अडचण होती. कार्बोरेटर उंच, त्यामुळं बोनेट चार बोटं उघडं राहायचं. ते सुतळीनं बांधलं आणि वरून झेंडूच्या माळा सोडल्या. लोकांना वाटलं सजावट.

इकडं लग्नाच्या आदल्या दिवशी घरात करंज्या करायला बायका जमल्या. आणि पोळपाट कुठंय?

"सुमनीनंच नेलं आसंल," आई म्हणाली. "मागल्या नाताळात बी तिनंच नेल्तं. पाय हालवून आणलं."

आई तशीच उठून शेजारी गेली. मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"मी काय तुझं पोळपाट गिळलं?"

"गिळलं न्हाई तर काढ की!"

"उद्या माझ्या पोरीचं लगीन हाय आन् तू मला चोर म्हन्तीस?"

"मग मी येतच न्हाई लग्नाला!"

तीस वर्षांचा शेजार, एका पोळपाटापायी मोडला. मी कुठं होतो? मी माळा बांधत होतो. खाली मान घालून. एक-एक फूल मोजून.

लग्नाच्या सकाळी पोरांकडून ढकलून काकू सुमनमावशीच्या दारात लावली. रूथ पांढऱ्या साडीत, मागं मायलेकी बसल्या. रूथनं हट्ट धरला, "पुढं वहिनीच बसंल. न्हाई तर मी चालत जाते."

दादा गेल्यापासून वहिनी काकूत बसली नव्हती. तिकडं बघायचीसुद्धा नाही. घरात बोलायची तेवढ्यास तेवढं. तिला मी चार महिन्यांत एकदाही हसताना बघितलं नव्हतं. ती आली, दार उघडलं, बसली आणि पुढच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली. मी तिकडं बघितलं नाही.

आरशात बघतो तर मागं वीस पावलांवर आई चालत येतेय!

"आई, तू तर येनार नव्हतीस?"

"मी लग्नाला येतच न्हाई. मी माझ्या लेकाच्या गाडीमागं चाललेय."

निघालो. उभ्या उभ्या डरकाळ्या फोडणारी काकू चालायला लागली आणि खोकायलाच लागली. पाय दाबला की 'घुऽऽप' करून बसायची. सोडला की उडी मारायची. पेट्रोलचा असा वास की डोळ्यांत पाणी. मागून काळा धूर. रूथ म्हणाली, "भाऊ, आपण चर्चला चाललोय ना? का विटांच्या भट्टीला?"

चर्चला जायला नगर-मनमाड रस्ता ओलांडावा लागतो. काकू बरोबर रस्त्याच्या मधोमध गेली, एक मोठा ढेकर दिला आणि मेली.

सेल मार, रेस दे. काही नाही. पेट्रोलनं पार तुंबून गेलेली. एका बाजूला एस. टी., दुसऱ्या बाजूला कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. हॉर्न तर असे, की जणू वाजंत्रीच लावलीय.

ट्रॅक्टरवाला उतरला. "काय रं, नवरी हाय व्हय आत? मला वाटलं कुनी उसाचा फड पेटवला!"

मी सुतळी सोडली, बोनेट वर केलं. वहिनी उतरून शेजारी येऊन उभी राहिली. आत डोकावली.

"भावजी, हे काय हाय?"

"कारब्रेटर."

"त्याच्या खाली काय हाय?"

"...प्लेट."

"त्या प्लेटीला पीठ लागलंय, भावजी."

तोवर आई पोचली. सुमनमावशी उतरली. दोघी वाकल्या. मग दोघींनी मिळून माझ्याकडं बघितलं. पोळपाटापायी मोडलेला शेजार त्या एका नजरेत पुन्हा जुळला, पण माझ्याविरुद्ध.

"आता बोल गं!" सुमनमावशी म्हणाली. "मी गिळलं व्हय?"

आईनं वाकून चप्पल काढली.

आणि वहिनीचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, मेलो! माहेरचं पोळपाट, दादाची गाडी, रडायला लागली. तर कसलं काय, ती हसत होती! बंपरवर बसली, पोटाला हात धरला आणि हसत सुटली. एस. टी.तली माणसं खिडकीतून बघतायत, ट्रॅक्टरवाला बघतोय, आणि वहिनी हसतेय. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. मधेच म्हणाली, "ह्यांनी बघायला पायजे हुतं."

 हॉर्न थांबले होते, का मलाच ऐकू येत नव्हते, कुणास ठाऊक.

"चला, घड्याळ बघा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "बांधा मागं. कारखान्याला जातोच हाय, वाटेत तुमाला सोडतो. फकस्त सांगून ठेवा, चर्चला उतरायचं का वजनकाट्यावर?"

अशी आमची रूथ, दोन ट्रॉल्या उसाच्या मागं, दोराला बांधलेल्या काकूतून चर्चच्या दारात उतरली. पदर काळा, नाक काळं. पाळकसाहेब पायरीवर उभे. त्यांनी ऊस बघितला, नवरी बघितली आणि हळूच विचारलं, "हुंडा तर आपल्यात घेत नाहीत, मग हे काय?"

दुसऱ्या दिवशी ते धूड पोळपाटासकट घेऊन मी पुन्हा नगरला. चाचांनी लांबूनच ओळखलं.

"काय, लागली का दादाला रेंज?"

मी धूड फळीवर ठेवलं. हात मोकळे झाले. "दादा वारला, चाचा. चार महिने झाले. इंजिन लहान हाय. गाडीत चार माणसं बसतात, घाटात कधीच गेली न्हाई, आन् चाळीसच्या वर दादानं कधी चालवली न्हाई."

सगळं एका दमात बोललो. पहिल्यांदाच.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा दोरा कानामागं अडकवला. मग खालच्या खणातून दादाचा पेरू काढला. अजून बनियनमध्येच होता.

"गिऱ्हाईक आलं हुतं याला. दिला न्हाई. इतकं निगुतीनं साफ केलेलं कुणी इकायला आणत नाय. म्हटलं, पोरगं येईल परत." आणि त्या दोन भोकांच्या पोळपाटाकडं बघून म्हणाले, "बेटा, तोंडं दोन लावलीस. पण घसा एकच हाय ना तिला?"

एवढंच होतं होय उत्तर! चौदा वर्षं दादा एवढं सांगायचं सोडून नुसता हसत का होता? तेही आता विचारता येत नाही.

पेरू बसवला. नीट बसला, जणू काकू त्याचीच वाट बघत होती. बोनेट लागलं. सेल मारला तर डरकाळी नाही, काही नाही. तीच जुनी कुरकुर, शेजारणीशी बोलल्यासारखी. रविवारी आई आणि वहिनीला बसवून हळूहळू कबरस्तानाच्या फाटकापर्यंत नेली. त्या दोघी फुलं घेऊन आत गेल्या. मी गाडी बंद केली नाही. म्हटलं, ऐकू दे त्याला.

येताना बाजारात थांबलो. पोळपाटाची दुकानं लागलेली. मी एक चांगलं मोठं, जड सागवानी उचललं.

"घरात माणसं किती?" दुकानदारानं विचारलं.

तोंडात 'चार' आलं होतं.

"तीन," मी म्हणालो.

"मग एवढं मोठं कशाला?"

मी ते खाली ठेवलं आणि वहिनीसाठी लहान घेतलं.