देवीला वाहिलेलं कोकोचं फळ
कोको उकळल्याचा वास आला की मला बेडशाची गावदेवी आठवते. कोकोवर संशोधन करायला मला परदेशी शिष्यवृत्ती हवी होती आणि मावळात कोको फळतो याचा पुरावा एकच होता, बेडशातल्या माझ्या झाडाचं पहिलंवहिलं फळ. थंडीत लग्नातली शाल मी त्या झाडाला पांघरायचो. माझे दात वाजलेले सोमाटण्यापर्यंत ऐकू जायचे. शिष्यवृत्तीचे परीक्षक ते फळ बघायला जीपमधून उतरले, तर फांदी रिकामी! राखणीच्या मावशी हसत आल्या. “सायेब, पयलं फळ देवीचं. तुमचं काम व्हावं म्हनून तिच्याम्होरं फोडलं, साऱ्या गावाला वाटलं. बिया लय कडू, पन कुनी थुकलं न्हाई. ही शेवटची तुमास्नी ठिवली.” परीक्षक बघत होते. प्रसादाला नाही कसं म्हणणार? उरलासुरला पुरावा मी त्यांच्यादेखत चावून गिळला. परदेश राहिला, कोको मात्र मी अजून बिनसाखरेचाच पितो.