एक्सप्रेस थांबणार होती

ज्यानं जन्मात रेल्वेची नोकरी केली नाही, पण रेल्वेच्या प्रत्येक चुकीची ज्याला स्वतःची चूक असल्यासारखी लाज वाटायची, असा माणूस अख्ख्या माळव्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. महूची शटल उशिरा आली की काका फलाटावर फिरून हात जोडून प्रत्येकाची माफी मागत. नळ कोरडा पडला की घरून कळशी भरून आणत. एकदा पावसात शेड गळायला लागली, तेव्हा एका अनोळखी बाईंच्या डोक्यावर ते गाडी येईपर्यंत छत्री धरून उभे राहिले. बाईंच्या नवऱ्यानं "आप कौन?" असं जरा कडक आवाजात विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "स्टेशन का आदमी समझ लो, भिया."

स्टेशन म्हणजे इंदूरच्या कडेला आमच्या वस्तीतलं मीटरगेजवरचं एक ठिकाण. एक फलाट, एक कडुनिंब, तिकिटाची एक खिडकी. लग्न होऊन आले तेव्हा मी महूच्या एका शाळेत शिकवत होते आणि रोज शटलनं जायचे. मला सोडायला काका यायचे. त्यांची गिरणी नुकतीच बंद झाली होती. तिथं ते मागावरच्या कामगारांचे जॉबर, म्हणजे मुकादम होते. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. स्टेशनात भोंगा नव्हता, त्याची उणीव काका भरून काढत. "महू जाने वाली शटल आ रही है," असं ते ओरडले की कडुनिंबावरचे कावळे उडत, आणि त्याच दमात पुढे, "सूनबाई, डब्यात मटकीची उसळ आहे गं, आडवा धरू नको." सगळा डबा माझ्याकडे वळून बघे. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून खिडकीपासून लांबची जागा धरायचे.

इतिहास तर ते न विचारता सांगत. समोरचा फक्त उभा असला की पुरे. "रूळ होळकरांच्या जमान्यातले, पण इथं गाडी रुकायची नाही. नुसता सिग्नलचा खांब. गिरणीवाले या बाजूला राहायला आले, तेव्हा कुठे फलाट झाला. सकाळच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसायची, सूनबाई." एवढं बोलून ते रिकाम्या फलाटाकडे बघत, आणि पाहुण्याला घर पसरलेलं दिसावं तसे ओशाळत. गिरण्या बंद झाल्या तसे प्रवासी आटले होते. वस्तीत एसटीडीची दुकानं निघाली, रंगीत टीव्ही आले, शहरात जायला टेम्पो झाले. काकांच्या हाताखालचे लोक कुणी तो टेम्पो चालवत होते, कुणी भाजीची गाडी लावत होते.

अशात निवडणूक आली आणि एका उमेदवारानं सभेत सांगून टाकलं की येत्या एक तारखेपासून इथं एक्सप्रेस थांबणार. सभेतले बाकी लोक ते ऐकून घरी गेले. काका मात्र तडक बाबूलालजींकडे गेले. बाबूलालजी त्यांच्या खात्यातले जुने विणकर, तेव्हा रिकामे बसून होते. "लांबची गाडी आहे, प्रवासी भुकेले असतात. पोह्याची गाडी लाव," काकांनी सांगितलं. बाबूलालजींनी बायकोची पितळी भांडी मोडून कढई आणि स्टो घेतला. स्टेशनमास्तर म्हणत होते, "अंकलजी, मेरे पास कोई ऑर्डर नहीं है." काका त्यांनाच धीर देत, "येईल, येईल. कागद यायला उशीर लागतो."

ठरल्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून आले. हातात झेंडूचा हार आणि ड्रायव्हरसाठी खजरान्याच्या गणपतीचे लाडू. अर्धी वस्ती जमली होती. बाबूलालजींनी पोह्यांवर शेव, जिरावन मसाला टाकून पहिल्या प्लेटी मांडून ठेवल्या. गाडीची शिटी ऐकू आली. काका हार घेऊन पुढे झाले. गाडी आली, आणि होती त्याच वेगानं निघून गेली. प्लेटींवर धूळ बसली. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. मी त्यांची सून आहे हे त्या क्षणी कुणाला आठवू नये, एवढंच मला वाटत होतं. काकांनी हार कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवला आणि रूळ ओलांडून, कुणाकडे न बघता, घरी गेले.

त्यांच्यामागं जे झालं ते त्यांनी पाहिलंच नाही. थोड्या वेळानं शटल आली. गार्डनं कढई पाहिली, पोहे मागितले, आणि आपण खाईपर्यंत गाडी उभी ठेवली. मग काय, डबेच्या डबे उतरले. कढई रिकामी झाली. मी संध्याकाळी हे सांगितलं तर काका भिंतीकडे बघत म्हणाले, "माझं मन राखायला बोलतेस, सूनबाई." त्यानंतर त्यांनी स्टेशन सोडलं. बाजारात जायचं तरी छत्रीबागेकडून लांबचा वळसा घेऊन जात. घरात इतकं हळू बोलत की काकू दोनदोनदा विचारायच्या.

बाबूलालजींची पोह्याची गाडी रोज लागत होती. एका रविवारी ते स्वतःच घरी आले. काका आतल्या खोलीत जायला उठले, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं.

"भिया, मुझसे क्या शरम?"

काका म्हणाले, "दोन वेळा फसवलं तुला. गिरणी बंद झाली तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं होतं, परसों खुल जाएगी. मला कुठे काय माहीत होतं? तुम्ही महिनोन्महिने गेटवर बसून राहिलात माझ्या भरवशावर."

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू दाराशी थबकल्या.

"मालूम था हमको," बाबूलालजी म्हणाले. "गेटपे ताला हमने भी देखा था. पर शाम को घर जाके घरवाली से बोल सकते थे कि जॉबर साहब ने कहा है, परसों. वो सो जाती थी. आप ना बोलते तो हम क्या बोलते?"

काकांनी पंच्यानं डोळे पुसले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. मला वाटतं, काकांना ते पटलं नाही. लाज अशी कुणाच्या सांगण्यानं जात नाही. पण सोमवारी सकाळी मी फलाटावर पोचले, तेव्हा ते बाबूलालजींच्या गाडीमागं खाली मान घालून कांदा चिरत बसले होते. मी पुढे जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काका, येते मी."