कळसूबाईवर ऐकू आलेली बाई

"आपल्याला ऐकू येत न्हाई म्हंजी न्हाईच, असं कसं?" असं म्हणत अण्णा डावा कान तळहातानं झाकायचे आणि उजव्याला रेडिओ लावायचे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या विमानतळावर ते रेडिओच्या दुरुस्तीला होते. येणाऱ्या विमानांसाठी मी रेडिओवर हवामान वाचायचो, म्हणून त्यांनी माझं नाव 'मास्तर' ठेवलं होतं. सगळी नोकरी विमानांपाशी गेली, पण हा गडी विमानात कधी बसला नाही. विचारलं तर म्हणायचे, "आपलं काम खाली हाय."

मग वैमानिकांच्या तक्रारी सुरू झाल्या. माझ्या आवाजात मध्येच कुणी बाई बोलते म्हणे! हसू नका, गोष्ट साधी नव्हती. मी सांगितलेल्या हवेच्या दाबावर वैमानिक आपलं उंचीचं यंत्र लावतो. भलत्याच गावचा दाब लावला, तर जमीन वाटते त्यापेक्षा जवळ निघायची.

आम्ही खाली ऐकावं तर फक्त माझाच आवाज. अण्णांनी केबल बदलली, अख्खा सेट खोलून पुन्हा बसवला. बाई सापडेना. विमानतळाचे साहेब वैतागले, "भास होत असतील त्यांना. मिटवा आता." अण्णांची मात्र झोप उडाली. जेवणाचा डबा भरलेलाच घरी परत जाऊ लागला.

नवरात्रात ते दरवर्षी अनवाणी कळसूबाई चढायचे. त्या वर्षी मलाही ओढून नेलं. धापा टाकत माथ्यावर पोचलो, तर यांनी ओटीच्या पिशवीतून नारळाआधी रेडिओ काढला. मी कपाळाला हात लावला. माझ्या जागी त्या दिवशी साहेब हवामान वाचत होते, आणि त्यांना मध्येच तोडून एक बाई आपल्या गावचा दाब सांगत होती.

"बघा मास्तर, बाई हाय! कुठल्या तरी लांबच्या विमानतळाला आपलीच फ्रिक्वेन्सी दिलीया. खाली मधी डोंगर येत्यात, हितं आडवं यायला कोन न्हाई." मग तिथंच बसून त्यांनी डोळे पुसले. "मी येडा, इतके दिस खालीच शोधत बसलो."

साहेबांनी ऐकून घेतलं, वर कळवलं. फ्रिक्वेन्सी बदलायला बराच वेळ गेला. त्याआधीच अण्णा हृदयविकारानं गेले. लई जीव होता माझा त्यांच्यावर.

नवी फ्रिक्वेन्सी सुरू झाली तेव्हा खाली आम्हाला काहीच फरक जाणवला नाही. विमान उतरवून एक वैमानिक मुद्दाम आमच्या खोलीत आला. "आता एकच आवाज येतो. कुणी शोधलं हे?"

"आमच्या अण्णांनी."

"त्यांना सांगा, वरती फार बरं वाटलं."

मी म्हणालो, "सांगतो."