खुशालरावांचं ऊन

खुशालराव गावंडे जमीन मोजणीच्या खात्यात होते. वलगाव, दर्यापूर, पार धारणीपर्यंत त्यांनी बांध मोजले आणि सख्ख्या भावांना एकाच दुपारी सारखंच नाराज केलं. दोन्ही बाजू नाराज झाल्या म्हणजे मोजणी बरोबर झाली, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्त झाल्यावर मोजायला शेतं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरचं अंगण धरलं.

आमची कॉलनी अमरावतीत, वलगाव रस्त्याच्या बाजूला. खुशालरावांचं घर पश्चिममुखी. पुढे रस्त्याकाठी भला मोठा कडुलिंब होता, म्हणून पुढचं अंगण सावलीत. घराच्या दक्षिणेला कुणाचा तरी रिकामा प्लॉट पडून होता, म्हणून त्या अंगाची पट्टी दिवसभर उन्हात. एवढं कुणालाही दिसत होतं. खुशालरावांनी मात्र त्यावर वर्षभर अभ्यास केला. ऋतूप्रमाणे सावली कुठवर येते ते बघून त्यांनी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली आणि दोन पाट्या रंगवून रोवल्या. एकीवर ‘सावली विभाग’, दुसरीवर ‘ऊन विभाग’. सावली विभागात अबोली, पीस लिली आणि मे महिन्यात लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली. ऊन विभागात गुलाब, शेवंती, जास्वंद, सदाफुली, कण्हेर. एका विभागातलं झाड दुसऱ्या विभागात जात नसे. त्यांच्या पत्नी गोदाबाई यांना ऊन विभागात कपडे वाळत घालायची मनाई होती.

“लुगडं वाळत घातलं की सावली पडते,” खुशालराव सांगत. “थे अतिक्रमण होते.”

गोदाबाई लुगडी गच्चीवर घालत आणि गुडघे दुखले की ‘विभागाचं’ नाव घेत.

कॉलनीत कुणीही नवीन झाड आणलं की आधी खुशालरावांना दाखवायचं, असा रिवाज पडला होता. बँकेत नोकरीला असलेली आकांक्षा एकदा मोबाइलवर निळ्या जांभळ्या गुच्छांचं हायड्रेंजिया घेऊन आली. फोटोत झाडामागे डोंगर होते आणि डोंगरावर बर्फ.

“काका, हे सावलीत येते म्हणतात. मागवू का?”

खुशालरावांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून पाहिला.

“पोरी, हे झाड तिथं सुखात हाय ना?”

“हो.”

“मग त्याले काहून इकडं बोलावतं? मे महिन्यात आपन सोता इथं राहतो ते पेन्शनीमुळं. त्याले काय मजबुरी हाय?”

झाड निवडायची त्यांची कसोटी एकच होती. एक अख्खा मे महिना त्यानं वर हिरवी जाळी न बांधता काढला पाहिजे. काढला तर कायमचं, नाही काढला तर त्यावर चर्चा नाही. या कसोटीत नर्सरीवाल्याची कितीतरी ‘बारमाही’ झाडं नापास झाली होती. नर्सरीवाला पाट्यांवर ‘बारमाही’ लिहायचा आणि खुशालराव दुकानात आले की ती पाटी उलटी करून ठेवायचा.

असं सगळं सुरळीत असताना दक्षिणेचा प्लॉट विकला गेला. घेणारे ताहेरभाई, मूळचे अकोल्याचे, टाइल्सचे व्यापारी. माणूस गोलमटोल, हसतमुख आणि घाईचा. पाया खणायच्या दिवशी त्यांनी सगळ्या कॉलनीला बालूशाही वाटली. खुशालरावांनीही दोन खाल्ल्या. हे त्यांना पुढं बरंच महागात पडलं, कारण भांडायला गेले की ताहेरभाई आधी त्या बालूशाहीची चव विचारत.

तळमजला झाला, खुशालराव झाडांना पाणी घालत राहिले. पहिला मजला झाला, तेव्हा ते कठड्याशी उभं राहून वर बघू लागले. दुसऱ्या मजल्यावर स्लॅब टाकून झाला, ताहेरभाई बायको नसीमबानोंसह राहायला आले आणि दसऱ्याच्या सुमारास, सूर्य दक्षिणेकडून खाली खालून जायला लागला तेव्हा, ऊन विभागातलं ऊन गेलं. सकाळी गेलं, दुपारी गेलं. ‘ऊन विभाग’ ही पाटी गार सावलीत उभी राहिली. शेवंत्या उंच लांबुळक्या झाल्या आणि कुठे ऊन दिसतं का म्हणून वाकून बघायला लागल्या.

खुशालरावांनी फीत काढली आणि शेजारची भिंत मोजली. त्यांना खात्री होती की ताहेरभाईंनी जागा दाबली असेल. पुन्हा मोजली. भिंत जिथे असायला हवी तिथेच होती, उलट ताहेरभाईंनी थोडी जास्तच जागा सोडलेली. नोकरीच्या सगळ्या काळात खुशालराव एवढे खट्टू झाले नसतील. मोजणी बरोबर आली होती आणि नाराज फक्त एकच बाजू होती.

तरी ते गेलेच.

“ताहेरभाई, तुमी माहं ऊन अडवलं.”

“या, बसा भाऊ. नसीम, चाय!” ताहेरभाईंनी खुर्चीवरचा टाइलचा नमुना उचलला. “कोनतं ऊन?”

“माह्या दक्षिणेचं. इतक्या वर्साचं.”

“भाऊ, मी अकोल्याचा मानूस. आमच्याकडं इतकं ऊन हाय का वाटून उरते. मी तुमचं कायले नेऊ?”

“नेलं नाई, अडवलं.”

“बरं, मग गर्मी कमी झाली का नाई तुमच्या घरात?”

हे खरं होतं. गोदाबाईंनी त्या आठवड्यात दिवसा पंखा बंद ठेवला होता. पण मोजणीवाला माणूस प्रतिपक्षाचा मुद्दा कबूल करत नाही. खुशालराव चहा न पिता उठले. नसीमबानोंनी तो चहा झाकून गोदाबाईंकडे पाठवला, कारण त्या दोघींचं कपडे वाळत घालताना गच्चीवरून गच्चीवर बोलणं केव्हाच सुरू झालं होतं.

भांडणाची बातमी कॉलनीत पसरली आणि दोन दिवसांत कॉलनीचे सचिव मोतीरामजी चार जणांना घेऊन आले. सोफ्यावर बसले, आवाज खाली आणला.

“खुशालराव, आमाले सगळं समजलं. त्या लोकायचं असंच राहते. आज ऊन घेतलं, उद्या काय घेतील सांगता येत नाई. पन तुमी एकटे नाई. आमी सारे तुमच्या मागं उभे आहो.”

खुशालरावांनी बोटांवर मजले मोजले.

“मोतीरामजी, तुमचाबी बंगला तीन मजल्याचा हाय ना?”

“हो. काहून?”

“तुमच्या उत्तरेच्या मानसाचं ऊन कुठं गेलं मग? त्याच्या मागं कोन उभं हाय?”

मोतीरामजी खाकरले. त्यांच्या उत्तरेला त्यांचे सख्खे साडू राहत आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

“आन माह्या मागं तर उभे राहूच नका,” खुशालराव उठत म्हणाले. “तिथं गुलाब हाय. आधीच त्याले ऊन पुरत नाई.”

मंडळी चहा घेऊन गेली. सहानुभूती परत घेऊन गेली की इथेच टाकून गेली, ते कळलं नाही. एवढं मात्र झालं, की त्या विषयावर पुन्हा कुणी खुशालरावांच्या घरी आलं नाही.

यात अजून एक घडलं, आणि ते खुशालरावांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. कडुलिंबाची एक फांदी विजेच्या तारेला टेकत होती आणि तिचा पाला पीस लिलीवर पडत होता. त्यांनी त्या फांदीसाठी महापालिकेत तक्रार केली होती. तक्रार करताना ‘झाडाचा त्रास होत आहे’ असं मोघम बोलून गेले. आयुष्यभर एकेका इंचाचा हिशेब लावणारा माणूस, पण त्या दिवशी नेमकं कोणती फांदी ते सांगायचं राहिलं. पुढे ते आणि गोदाबाई दर्यापूरला मेहुण्याच्या नातवाच्या बारशाला गेले. परत आले तेव्हा घर लांबूनच दिसलं.

“आपलं घर इतकं लवकर काहून दिसून राहिलं?” ऑटोत गोदाबाईंनी विचारलं.

कडुलिंब नव्हता. कंत्राटदाराची माणसं येऊन गेली होती आणि तक्रार मुळापासून निकालात काढून गेली होती. खाली भुसा पडला होता, आणि त्यावर पश्चिमेचं ऑक्टोबरचं ऊन सरळ घराच्या दारापर्यंत आलं होतं. पीस लिलीची पानं कडेनं भाजून तपकिरी झाली होती. अबोली माना टाकून होती. खुशालराव पायरीवर बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. ताहेरभाई फाटकापर्यंत आले आणि बालूशाहीचं नावही न काढता परत गेले. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

सकाळी गोदाबाईंनी चहाचा कप नवऱ्याच्या हातात दिला.

“एक सांगू? पाट्या बदला.”

“म्हंजे?”

“हिकडची तिकडं लावा, तिकडची हिकडं. सावली तिकडं गेली, ऊन हिकडं आलं. त्यायनं तुमाले इचारून जायचं होतं का?”

खुशालराव रागावले, चहा थंड होऊ दिला, आणि दुपारी कुदळ काढली. आठवडाभर दोघं नवरा-बायको झाडं हलवत होती. अबोली आणि लिल्या मुळांच्या गोळ्यासकट ताहेरभाईंच्या भिंतीच्या सावलीत गेल्या, आणि थोड्याच दिवसांत पूर्वीपेक्षा बऱ्या दिसायला लागल्या. ही गोष्ट खुशालरावांनी कुणाला सांगितली नाही. सदाफुली, कण्हेर आणि जास्वंद पुढे आले. सदाफुलीला तर आपल्याला हलवलं हेसुद्धा कळलं नसावं, ती दुसऱ्या दिवशी फुलली.

अडले गुलाब आणि शेवंती. त्यांना सकाळचं कोवळं ऊन हवं आणि दुपारनंतर सुटका. पुढे उलटं होतं. सकाळभर घराची सावली, आणि दुपारी बारानंतर तव्यावरचं ऊन. उन्हाचं झाड म्हणून त्याला कुठलंही ऊन चालतं असं नसतं, हे खुशालराव लोकांना नेहमी सांगत. आता ते स्वतःला सांगायची पाळी आली. त्यांनी दोन्ही झाडं कुंड्यांमध्ये भरली आणि अंगणभर घेऊन फिरले. जागा नव्हती. स्वतःची गच्ची बघितली, तर तिच्यावरही ताहेरभाईंच्या दोन मजल्यांची सावली.

“भाभी,” एका सकाळी नसीमबानो वरून म्हणाल्या, “भाऊसायबाले सांगा ना, आमच्या वरच्या गच्चीवर ठेवा म्हणून. जिन्याच्या खोलीच्या आडोशाला सकाळी ऊन येते, दुपारी सावली पडते. जागा रिकामीच हाय.”

“माह्या उन्हाच्या चोराकडं माहीच झाडं ठेवू?” खुशालराव आत गरजले.

“चोराकडंच माल राहते,” गोदाबाई म्हणाल्या. “आनाले तिथंच जावं लागते.”

ते गेले नाहीत. आठवडा गेला. दिवाळी झाली, कॉलनीत सगळ्यांच्या शेवंत्या पिवळ्याधमक झाल्या आणि खुशालरावांच्या शेवंतीला बटणाएवढ्या हिरव्या कळ्या आल्या, त्या तशाच अडून बसल्या. मग एका सकाळी त्यांनी डोक्यावर टोपी घातली, काखेत एक कुंडी घेतली आणि ताहेरभाईंच्या जिन्यानं वर चढले. ताहेरभाईंनी खालून पाहिलं. दुसरी कुंडी त्यांनी स्वतः उचलली. प्रत्येक मजल्यावर थांबून मोठ्यानं श्वास घेत ते मागोमाग चढले.

गच्चीवर पोचल्यावर खुशालराव दचकले. एवढं ऊन त्यांनी कधी एका जागी पाहिलं नव्हतं. जिन्याची खोली सोडली तर चारी दिशांना काही आड नाही. त्यांनी गोल फिरून पाहिलं, मग खिशातून फक्कीची पुडी काढली.

“भाऊ!” ताहेरभाई ओरडले. “नवी टाइल हाय! पांढऱ्या टाइलवर पांढरी रेघ, दिसन तरी का?”

“दिसली नाई तरी रेघ ती रेघच.”

“तिच्यावर बूट पडन माहा.”

“तर मंग बूट काढून येत जा.”

त्या दिवसापासून त्यांचं भांडण रोजचं झालं आणि मुक्काम गच्चीवर हलला. कुंड्यांखाली माती सांडते. पाणी टाइलच्या सांध्यात जाते. पांढरी टाइल उन्हाची झळ परत फेकते, म्हणून कुंड्यांखाली पोती टाका. पोती टाकली तर टाइलची शोभा जाते, आणि घरी येणारं गिऱ्हाईक शोभाच बघायला येतं. दोघं तासन्‌तास भांडत. दोघांच्या बायका खाली अबोलीच्या शेजारी बसून लोणच्याच्या फोडींवर बोलत. शेवंती डिसेंबरात एकदम फुटली. ताहेरभाईंनी त्यातलं एक फूल तोडलं तेव्हा खुशालरावांनी त्यांच्याशी दिवसभर बोलणं बंद केलं. संध्याकाळी कळलं की ते नसीमबानोंच्या वेणीसाठी होतं, तेव्हा त्यांनी अजून दोन तोडून दिली आणि कुठून तोडायची ते दाखवलं.

कॉलनीच्या मोकळ्या जागेत बाग करायची ठरली तेव्हा मोतीरामजींनी सभा बोलावली. कोपरा उन्हाचा की सावलीचा, कुठली झाडं लावायची, हे ठरवायला सगळे खुशालरावांच्या तोंडाकडे बघायला लागले.

“आधी हे सांगा,” ते म्हणाले, “बाजूच्या प्लॉटवर कोनाचा किती मजले बांधायचा इचार हाय?”

त्या प्लॉटचे मालक मोतीरामजीच होते.

मार्चात ईद आली. ताहेरभाईंनी अकोल्याचे नातेवाईक आणि सगळी कॉलनी जेवायला बोलावली. गर्दी झाल्यावर लोक शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन वर गच्चीवर गेले. गुलाब तेव्हा भरात होते, लाल, गुलाबी, एक पिवळा. पाहुणे बघतच राहिले.

“वा ताहेरमियाँ, काय बगीचा केला! तुमाले हा शौक कधीपासून?”

ताहेरभाईंनी पापणीही न हलवता दाढीवरून हात फिरवला. “बस, जागा होती. लावले.”

खुशालराव त्यांच्या मागेच वाटी हातात धरून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. ताहेरभाईंनी मान किंचित वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळले. खुशालरावांनी चमचाभर शिरखुर्मा खाल्ला, गिळला, आणि पुढे सरकलेल्या एका पाहुण्याला म्हणाले,

“साहेब, जरा तिकडून या. पाय लागन कुंडीले.”