जुनं रीडिंग

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो चांदवडच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. नववीत मी स्प्रिंगच्या प्रयोगाचं रीडिंग जुन्या वहीतून उतरवलं, तेव्हा ते म्हणाले, "अरे, स्प्रिंग मी काल बदलली. तुझी वही अजून जुनीच ताणतेय का?"

पुढे अणुवीज केंद्रात इंजिनिअर झालो. अणुभट्टीची वीजनिर्मिती वाढवायची ठरली, तेव्हा साहेबांनी ती थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपांच्या जुन्या चाचण्यांच्या आधारेच माझी मंजुरीची सही मागितली.

"पास झालेत ना पंप?"

"कमी उष्णतेला, साहेब. आता ती वाढणार."

"बदली हवीय का?"

"चालेल. सही करणार नाही."

त्याच संध्याकाळी, निवृत्तीनंतर नाशिकला राहणाऱ्या शाळेतल्या सरांना पत्र टाकलं :

"सर, कदाचित बदली होईल. पण पंपांची चाचणी नव्याने होईपर्यंत माझ्या सहीची जागा कोरीच राहील. जुनं रीडिंग उतरवलेलं नाही."