आवाज उशिरा येतोय

आमच्या फिल्म सोसायटीचा चिटणीस मीच. फ्रेंच ऑपेराचा चित्रपट सोलापुरात आणायला मी वर्षभर पत्रं लिहिली होती. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये खेळ सुरू झाला आणि कुणाच्या तरी पासवर आलेला एक गिरणी कामगार नेमका माझ्या शेजारी बसला.

पाच मिनिटांत त्याचं सुरू झालं. "सायेब, आवाज उशिरा येतोय की." तेही ओरडून. गिरणीच्या खडखडाटात बोलायची सवय. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या गाण्याला माझी मांडी थोपटली. "तोंड आदी हालतंय बगा."

"तुम्हाला फ्रेंच येतं का?" मी वैतागून विचारलं.

"न्हाय की. पर साचेखात्यात मागांच्या आवाजात ऐकू कुटं येतंय? वीस वर्सं आमी तोंडाकडं बगूनच बोलणं वळखतो."

मागेपुढे आमचे सगळे रसिक गाण्याला माना डोलावत होते. चौथ्यांदा मांडी थोपटल्यावर मी उठलो आणि ऑपरेटरकडे जाऊन तक्रार केली, की हा माणूस आवाज उशिरा येतोय म्हणून सारखा त्रास देतोय. ऑपरेटरने पडद्याकडे पाहिलं आणि प्रोजेक्टर थांबवला. फिल्म प्रोजेक्टरमध्ये ओवताना सैल राहिली होती, म्हणून आवाज खरंच मागे पडत होता.

मी परत आलो तेव्हा आवाज ओठांशी जुळला होता. "आता बराबर," तो म्हणाला आणि गाढ झोपी गेला.

खेळानंतर चर्चेत गायिकेच्या शब्दोच्चारांवर मी दहा मिनिटं बोलायचं ठरलेलं होतं. मी बोललो. तो अजून घोरत होता, तेवढं बरं झालं.